कडेकोट मिस्त्री

कुणाच्या घरी गेल्यावर माणसाची नजर कुठे जाते, त्यावरून त्याचा धंदा सांगता येतो. रंगारी छताचा कोपरा बघतो, विमा एजंट घरातला कर्ता शोधतो. आमचे मिस्त्री काहीच बघत नाहीत. ते टेबलाखाली हात घालतात. चहा येईपर्यंत त्यांचा अंगठा टेबलाच्या खालच्या कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आलेला असतो. यजमानीणबाई काही सांडलं की काय म्हणून वाकून बघतात. मिस्त्री म्हणतात, "सांडलं काही नाही वहिनी. पण घरात रांगतं पोर आहे ना? याच्याखाली जाऊ देऊ नका." पहिल्याच भेटीत असं बोलणाऱ्या पाहुण्याला दुसरं आमंत्रण सहसा येत नाही. मिस्त्रींना त्याचं सोयरसुतक नसतं. अंगठ्याला जे कळायचं ते कळलेलं असतं.

पत्र्याचं काम चालतं त्या प्रत्येक औद्योगिक वसाहतीत असा एक नग असतोच. कोल्हापूरच्या शिरोलीत असतो, नाशिकच्या अंबडला असतो, तिकडे वाळूजला असतो. आमच्या वाट्याला आलेला भोसरीचा. एमआयडीसीतल्या आमच्या शेडात कंट्रोल पॅनेलचे डबे, ओव्हनची अंगं, डक्ट, असलं सगळं पत्र्याचं होतं. मी वर पोटमाळ्यावर बसून चलनं आणि बिलं करतो. खाली मशीनचा धडाका चालू असतो आणि त्या धडाक्याच्या वर एक आवाज ठराविक वेळाने येतो: "हात लावून बघितलं का?"

हा मिस्त्रींचा एकच प्रश्न. डोळ्यांवर त्यांचा विश्वास नाही. डोळा रंगाला भुलतो, चकाकीला भुलतो. अंगठा कशालाच भुलत नाही, असं त्यांचं म्हणणं. हा अंगठा मात्र आता असा झालाय की पत्र्याच्या कडांनी त्याच्यावरच्या मूळच्या रेषा पुसून टाकल्यात. आधारच्या मशीनने तो नाकारला, रेशन दुकानातलं मशीन दर महिन्याला नाकारतं, आणि दुकानदार "काका, दुसरं बोट लावा" म्हणतो. सरकारदरबारी नापास झालेला हा अंगठा आमच्या शेडात मात्र अखेरचं प्रमाणपत्र देतो. क्वालिटीवाल्या पोरानं व्हर्निअर लावून, फॉर्म भरून, सही करून पास केलेला जॉब मिस्त्री जाता जाता अंगठ्यानं नापास करतात, आणि पोरगं मुकाट्यानं फॉर्म फाडतं.

भांडण कशाशी आहे तेही सांगायला हवं. पत्रा शीअरवर कापला की बघणाऱ्याला कड सरळ, साफ दिसते. जवळ घेऊन बघितलं तर तिच्यात चार थर असतात. वरच्या अंगाला किंचित गोलाई, तिच्याखाली चकचकीत पट्टा, त्याच्याखाली फाटल्यासारखा खरबरीत भाग आणि अगदी तळाला बाहेर आलेली ती धार, तिला बर म्हणतात. पात्याला धार नसली किंवा दोन पात्यांमधली फट जास्त झाली की बर वाढते. पुस्तकात ही फट पत्र्याच्या जाडीच्या पाच ते दहा टक्के ठेवा म्हणून लिहिलेलं असतं. मिस्त्री टक्के काढत नाहीत. शीअरकडे पाठ करून चहा पीत असले तरी कापल्याच्या आवाजावरून सांगतात, "पातं उतरलंय. काढा ते."

त्यांचा खरा राग मात्र ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या एका ओळीवर आहे. जगातल्या झाडून सगळ्या ड्रॉइंगवर उजव्या हाताला खाली इंग्रजीत लिहिलेलं असतं की सगळ्या बर आणि तीक्ष्ण कडा काढून टाकाव्यात. ड्रॉइंग काढणारा ती ओळ लिहीत नाही, ती छापूनच येते. तपासणारा वाचत नाही, मंजूर करणारा वाचत नाही, तिघेही खाली सही करतात. मिस्त्री म्हणतात, देशात एवढ्या लोकांनी सह्या करून एवढी मोठी थाप दुसरी कुठली मारली असेल तर दाखवा. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, पण ही ओळ तोंडपाठ आहे. नवीन पोरगं कामावर आलं की त्याला पहिल्या दिवशी हीच ओळ पाठ करायला लावतात आणि हातात कानस देतात.

आता शेठची बाजू. फॅब्रिकेशनचा दर ठरतो किलोवर. आठ बाय चारचा अठरा गेजचा अख्खा पत्रा भरतो 28 किलो. त्यातून जे काही बनेल ते काट्यावर ठेवायचं आणि दरानं गुणायचं, झालं बिल. या हिशेबात कडेला जागाच नाही. उलट कड घासली की पत्रा कमी होतो. म्हणजे मजुरी द्या, वीज जाळा, डिस्क झिजवा, आणि वर बिलातले ग्रॅम घालवा. शेठ हे मिस्त्रींना दर दिवाळीच्या बोनसच्या वेळी समजावून सांगतात. मिस्त्री पूर्ण ऐकून घेतात, मान डोलावतात, बोनस घेतात आणि खाली जाऊन परत घासायला लागतात.

पत्र्याची घडी घालताना त्यांना बघावं. अठरा गेजचा सीआर पत्रा, जाडी 1.2 मिलिमीटर. कड दुमडून तिची घडी करायची, म्हणजे कापलेली धार आत जाते आणि हाताला गोल पाठ लागते. फायदा तेवढाच नाही. आठ फुटांचा उघडा पत्रा दोघांनी धरला तरी मधे लचकतो, वाऱ्यावर वाजतो. त्याचीच कड दुमडली की ताठ उभा राहतो. मिस्त्री आधी पत्रा उलटापालटा करून बर कुठल्या अंगाला आहे ते बघतात आणि तिथे खडूनं फुली मारतात. ही फुली घडीच्या आत गेली पाहिजे. बर बाहेर ठेवून घडी घातली तर बाकावर ताण येतो तिथेच तिच्यापासून चीर सुरू होऊ शकते. मग कडेपासून दहा मिलिमीटरवर रेघ. बॅक गेज लावलेला असतो, मशीन स्वतःच माप धरतं, रेघेची काही गरज नसते. रेघ तरीही मारतातच.

पहिल्या दाबात पत्रा काटकोनाच्या पुढे नेऊन तीस अंशांपर्यंत आत मिटवायचा. मग काढून सपाट डायखाली दुसरा दाब. इथं पोरं पॅडलवर पाय आपटतात आणि घडी काडकन बसवून मोकळी होतात. मिस्त्री त्यांना बाजूला करतात, चप्पल नीट करतात (सेफ्टी बूट शेठ आले की घालायचे असा त्यांचा नियम आहे, तो मला मान्य नाही) आणि पॅडल हळूहळू दाबतात. घडी पूर्ण बसायच्या आत पाय उचलतात. मग खिशातून एक जुनं पोस्टकार्ड काढून घडीत सरकवतात. ते कुठेही न अडकता या टोकाहून त्या टोकाला गेलं तर जॉब बरोबर. पोस्टकार्ड सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्या तरी मेहुण्याचं आहे. त्यात लग्नाचं बोलावणं होतं, ते लग्न होऊन त्या नवऱ्यामुलाची मुलं आता कॉलेजात आहेत. कार्ड अजून ड्यूटीवर आहे.

ही पोस्टकार्डाची फट का, यावरून एक महाभारत झालं होतं. पूर्वी आमच्याकडे घडी गच्च दाबायचे. डबे पावडर कोटिंगला बाहेर जायचे. तिथे रंगाआधी सात टाक्यांतून बुडवून काढतात. तेल काढायची टाकी, गंज काढायची आम्लाची टाकी, मधेमधे पाण्याची, मग फॉस्फेटची. गच्च घडीत वरवर काही शिरत नाही असं वाटतं, पण शिरतं. आणि शिरलेलं धुऊन निघत नाही. डबे सुंदर राखाडी होऊन यायचे, गिऱ्हाइकाकडे जायचे, आणि महिन्याभराने घडीतून तपकिरी ओघळ यायला लागायचे. शेठ कोटिंगवाल्याला शिव्या द्यायचे, कोटिंगवाला पत्र्याला शिव्या द्यायचा. मिस्त्रींनी एक डबा कापला, घडी पक्कडीनं उघडली आणि आतला गंज दोघांसमोर ठेवला. पाणी जाऊ द्यायचं असेल तर यायलाही जागा ठेवा, एवढंच बोलले. तेव्हापासून पोस्टकार्ड. कोटिंगवाला मिस्त्रींना दसऱ्याला पेढे आणून देतो, शेठना नाही.

इंजिनिअर साहेबांशी त्यांचं वैर नाही, दयाभाव आहे. कॉलेजातून नुकताच आलेला साहेब कॉम्प्युटरवर डबा काढतो, पडद्यावर तो गोल गोल फिरवून दाखवतो. असाच एकदा 1.6 मिलिमीटरच्या पत्र्याला चार मिलिमीटरचा काठ वळवायचा जॉब आला. आता पत्रा वाकवायचा तर खालच्या डायची व्ही साधारण जाडीच्या आठपट लागते, म्हणजे इथे बारा मिलिमीटर. आणि पत्र्याचं टोक व्हीच्या दोन्ही खांद्यांवर टेकायचं तर काठ निदान साडेआठ मिलिमीटर तरी हवा. मिस्त्री यातलं काही बोलले नाहीत. भंगारातला तुकडा घेतला, मशीनवर ठेवला आणि म्हणाले, "साहेब, तुम्हीच दाबा की." साहेबांनी दाबलं. पत्र्याचं टोक व्हीत घसरलं आणि तुकडा एका बाजूला मिशी पिळल्यासारखा बाहेर आला. साहेब पडद्याकडे बघत राहिले. तिथे काठ ताठ उभा होता. मिस्त्रींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कॉम्प्युटरला बोटं नसतात, साहेब. त्याचा काय दोष?"

साहेब पोरगा गुणी निघाला. आता ड्रॉइंग पाठवायच्या आधी तो खाली येऊन मिस्त्रींची वही मागतो. ती वही पण एक प्रकरण आहे. पत्रा वाकताना ताणला जातो, म्हणून कापायचं माप बाहेरच्या मापांच्या बेरजेपेक्षा कमी धरायचं असतं. किती कमी, ते जाडी, डाय आणि पत्रा कुठल्या जातीचा यावर ठरतं. सॉफ्टवेअरमध्ये त्याला के फॅक्टर नावाचा आकडा असतो. मिस्त्रींच्या वहीत "18 गेज, 10 ची व्ही, एक काटकोन, सव्वादोन वजा" असं लिहिलेलं असतं, आणि समोरच्या पानावर किराणा. स्टीलच्या पत्र्यापुढे लिहिलंय, "हट्टी. जास्त वाकव, मागे येतो." साहेबांनी फोटो काढून घेतला, त्यात पोहे आणि शेंगदाणेही आले.

शिकवण्याची हौस दांडगी. गुरुवारी आमच्याकडे सुट्टी, म्हणून बुधवारी संध्याकाळी काम आवरलं की पोरांना बसवतात आणि झोळीतून वस्तू काढतात. फुटकी लोखंडी बादली. तिचा काठ करवतीनं कापून आतली तार दाखवायची: बादली अशीच हातात धरवत नाही लेकांनो, पत्रा तारेवरून वळवलाय, वळवायला तारेच्या जाडीच्या अडीचपट पत्रा सोडावा लागतो. लहानपणी ते बार्शीत ट्रंका आणि धान्याच्या कोठ्या करणाऱ्याकडे होते. मशीन नव्हतं, मोगरी होती आणि उस्तादाचा हात होता. तार कमी भरली गेली की मोगरी पत्र्यावर पडायची नाही. मग निघतो कंडेन्स्ड मिल्कचा रिकामा डबा. त्याच्या झाकणाचा सांधा आडवा कापून, घासून, भिंगाखाली धरायचा आणि पोरांना पदर मोजायला लावायचे. झाकणाचे तीन, अंगाचे दोन, एकूण पाच पदर एकात एक अडकवून दाबलेले. डाग नाही, वेल्डिंग नाही. "दूध बाहेर येत नाही आणि हवा आत जात नाही," मिस्त्री म्हणतात आणि डबा हातरुमालात गुंडाळून परत झोळीत ठेवतात. पोरांचं लक्ष घड्याळाकडे असतं, कारण शेवटची बस.

इथे कुणाला वाटेल, आता मिस्त्री म्हणणार की माणसांनाही कडा असतात आणि त्या घासाव्या लागतात. असलं काही ते बोलत नाहीत. मीच एकदा चहाच्या वेळी सुचवून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा मी व्हीत घसरलोय.

घरी त्यांचा संसार वर्षातले तीनशे साठ दिवस सुरळीत चालतो. उरलेले दिवस दिवाळीच्या करंज्यांचे. वहिनींचा रिवाज साधा: पारी लाटावी, सारण भरावं, कड मिटवून कातणं फिरवावं, तेलात सोडावी. कातण्याची नागमोडी कड दिसतेही छान. मिस्त्रींना कातणं बघवत नाही. कापलेली कड ती उघडी कड. तिला मुरड पाहिजे. "मग तुम्हीच घाला मुरड," असं वहिनी एका दिवाळीला म्हणाल्या आणि फसल्या. तेव्हापासून मिस्त्री दरवर्षी पाटावर बसतात. पारी हातात घेतात, उलटतात, कड अंगठ्यानं चाचपतात. सारण कमी घालतात, कारण काठाला जागा सुटली पाहिजे. मग एकेक चिमूट दुमडून, दाबून, पुढची तिच्यावर चढवत अशी मुरड घालतात की करंजीला दोरखंडाची किनार लावल्यासारखी दिसावी. एक करंजी होईपर्यंत पुढच्या पाऱ्या वाळतात. वाळल्या की कडेला तडकतात, तडकल्या की मिस्त्री त्या बाजूला काढतात, म्हणून वहिनी ओलं फडकं घेऊन समोर बसतात.

मागच्या वर्षी मी फराळाला गेलो तेव्हा वहिनींनी सांगितलं, "यांची एकही तेलात फुटत नाही हो, खोटं कशाला बोलू. पण नरकचतुर्दशीला बसले होते, भाऊबीजेला उठले." मिस्त्री मला करंजी खाऊ देईनात. आधी हात लावून बघा म्हणाले.

त्यांच्या कौतुकाची पट्टी फार आखूड आहे. वाईट कामाला ते "चालेल" म्हणतात आणि उत्तम कामाला "ठीक आहे". त्याच्यावर शब्द नाही. शेठनी नवीन गाडी घेतली तेव्हा दसऱ्याला ती शेडातच आणली. झेंडूचा हार, नारळ, सगळं झालं. लोक रंग बघत होते, पडदा बघत होते, कुणी सीटवर बसून बघत होतं. मिस्त्रींनी ड्रायव्हरचं दार उघडलं, गुडघे टेकले आणि दाराच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवला. तिथे बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून बसवलेला असतो, घडीत चिकटद्रव्य भरलेलं असतं आणि दारात शिरलेलं पावसाचं पाणी निघून जायला तळाशी भोकं ठेवलेली असतात. गाडीच्या दाराचा सगळा दिमाख त्या घडीवर उभा असतो, हे बसणाऱ्याला जन्मात कळत नाही. शेठ पेढ्याचा खोका घेऊन थांबले होते. बरीच वाट बघायला लावून मिस्त्री उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "ठीक आहे." शेठ दिवसभर खुशीत होते.

आणि मग शेठच एके दिवशी पोटमाळ्यावर आले आणि मला म्हणाले, नव्या कोटेशनमध्ये एक ओळ घाला: कड काढणे व घडी घालणे, रनिंग मीटरला पाच रुपये. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. झालं असं होतं की डबे बाहेरच्या देशात पाठवणाऱ्या एका गिऱ्हाइकाचा तपासनीस येऊन गेला होता. त्यानं पांढरा हातमोजा घातला, डब्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि एक दोरा अडकतो का ते बघितलं. अडकला नाही. मिस्त्री लांबून बघत होते. हेच काम ते वहिनींच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं करतात. हातमोजा त्यांना उधळपट्टी वाटली. तपासनीस शेठना म्हणून गेला की अशी कड इकडे सहसा बघायला मिळत नाही. तेवढ्यावर शेठच्या डोक्यात किलो सोडून मीटर शिरला.

कोटेशन गेलं एका दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे, स्थानिक. तिथल्या परचेस ऑफिसरांचा लगेच फोन आला. बाकी सगळं मान्य, ती कडेची ओळ काढा. एवढी वर्षं तुम्ही फुकटच करत होता ना. शेठनी खाली विचारलं. मिस्त्री म्हणाले, "काढा की. नमुना पण तसाच पाठवा." त्यांनी स्वतः एक डबा निवडला, शीअरवरून आला तसा, आणि त्याला कुणाला कानस लावू दिली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न घासलेला जॉब दाराबाहेर जाऊ दिला, आणि तो गेल्यावर हात धुवून आले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ऑफिसर स्वतः आले. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी होती. मिस्त्रींनी खुर्ची पुढे केली, चहा सांगितला.

"धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंत का?"

"घेतलं," ऑफिसर म्हणाले. चहा डाव्या हातानं उचलला, पट्टीकडे बघितलं आणि जरा खालच्या आवाजात म्हणाले, "मीटरला चार करा. फायनल."

शेठ तोंड उघडणार, त्याच्या आत मिस्त्री म्हणाले, "सहा."